रोडकिंगची टाकी: क्रीम अखेर क्रीमच राहिलं

मंडळी, जुनी येझदी रोडकिंग मोटरसायकल रंगवतोय, तिच्या टाकीच्या क्रीम रंगावर उमटणारा गुलाबी डाग अखेर गेला! टाकीच्या उजव्या कुशीवर रोज टॉर्च मारून बघतोय, क्रीम जसंच्या तसं आहे. "क्रीमचा नाद सोड, अख्खी काळी करून टाक" असा सल्ला ज्यांनी ज्यांनी दिला होता, त्या सगळ्यांना सप्रेम नमस्कार.

पेट्रोल कॉक, लांबी (पुट्टी), पोचे हे सगळं मागे सांगून झालंय, ते परत उगाळत नाही. बेत तोच होता: टाकीचा वरचा भाग मरून, कुशीतलं पॅनल क्रीम, मधे बारीक सोनेरी रेघ. क्रीम मारलं तेव्हा सुरेख दिसत होतं. दुसऱ्या दिवशी वागळेच्या गाळ्यावर जाऊन बघतो तर बॅजच्या आसपास आणि गुडघा टेकतो त्या खळग्यात क्रीमचा रंग बिटाच्या कोशिंबिरीतल्या दह्यासारखा झालेला. बाकी पॅनल ठणठणीत.

पहिला संशय अर्थातच स्प्रे गनवर. आधीचा रंग कपात किंवा नोझलमध्ये राहिला असेल म्हणून १.३ मिमीचं नोझल, सुई, एअर कॅप सगळं सुटं करून थिनरमध्ये बुडवलं आणि उरलेलं क्रीम काचेच्या तुकड्यावर मारलं. काचेवर ते क्रीमच राहिलं. म्हणजे गन निर्दोष, आणि रंग मिसळून देणारा नौपाड्यातला दुकानदारही निर्दोष. (तो बिचारा शेड कार्डाशी ताडून, पत्र्यावर बोट फिरवून दाखवूनच डबा देतो. ऑनलाइन मागवलेल्या डब्यांत हे सुख नाही.) टेपचा गोंद म्हणावा, तर गुलाबी जिथे होता तिथे टेप लागलाच नव्हता. दमट हवेमुळे रंग पांढुरका पडतो हे खरं, पण ते दुधाळ धुकं असतं आणि मुख्यतः एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाला स्वस्त, पटकन उडणारं थिनर वापरलं की येतं. ते गुलाबी कशाला होईल?

मग वरून क्रीमचा आणखी एक हात मारला. ओलं असताना झाकलं गेलं, संध्याकाळपर्यंत गुलाबी पुन्हा वर, आणि आधीपेक्षा गडद. खरं तर उत्तर इथेच होतं. झाकणारा रंग वाढतोय आणि डागही वाढतोय, म्हणजे डागाला खाद्य वरच्या हातातूनच मिळतंय.

शेजारच्या गाळ्यात कपाटं रंगवणारे एक जुने पेंटर काका आहेत. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "खाली जुना लाल आहे. तुम्ही कितीही क्रीम मारा, तो वर येणार." मग ६०० नंबरच्या पाणीपेपरने (पाणी लावून घासायचा पॉलिशपेपर) डाग खाली घासत नेला. नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखी वर्तुळं उघडी पडली: क्रीम, राखाडी प्रायमर आणि त्याखाली मरून. पांढरं फडकं थिनरमध्ये भिजवून त्या मरूनवर टेकवलं, तर एका पुसण्यात फडकं लाल.

जुन्या लाल-मरून रंगांत टोल्युइडिन रेडसारखी सेंद्रिय रंगद्रव्यं सर्रास असायची. ती पाण्यात विरघळत नाहीत, पण थिनरमध्ये थोडीफार विरघळतात. वर नवा रंग मारला की त्यातलं थिनर साध्या प्रायमरमधून झिरपत खाली जातं, थोडा लाल विरघळवून घेतं आणि उडून जाताना त्याला वर आणून सोडतं. प्रत्येक नवा हात म्हणजे थिनरचा नवा डोस. काळा किंवा मरून मारला असता तर हे कधी कळलंच नसतं. क्रीम चहाडी करतं.

टाकी जिथे साफ करायला दिली होती, तिथे सपाट भाग पत्र्यापर्यंत नेला आणि खळग्यात, बॅजखाली, शिवणीजवळ जुन्यावरच राखाडी फवारून परत पाठवली. दिसतं तेवढं साफ! नाव घेत नाही. यापुढे साफ करून आणलेला कुठलाही पार्ट घेताना खिशात थिनरचं फडकं ठेवा आणि प्रायमर मारण्याआधी, उघडा पत्रा असतानाच बघायला जा.

उपाय दोन. सगळा जुना रंग काढणं किंवा तो कोंडणं. उजव्या टूलबॉक्सच्या झाकणावर जुना मरून मुद्दाम ठेवला आणि अर्ध्यावर साधा एनसी प्रायमर, अर्ध्यावर टू-के (हार्डनर मिसळून वापरायचा) एपॉक्सी प्रायमर मारला. एपॉक्सी डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत नीट वाळू दिला, मग दोन्हींवर एकच क्रीम. एनसीची बाजू रातोरात गुलाबी, एपॉक्सीची स्वच्छ. हार्डनरमुळे एपॉक्सीचं घट्ट जाळं बनतं, थिनरला त्यातून खाली उतरायला वाटच मिळत नाही. घाई करून अर्धवट वाळलेल्या एपॉक्सीवर मारलं तर मात्र भरवसा नाही.

टाकीवर तरीही काढण्याचाच मार्ग धरला. खळगे आणि बॅजखालचा भाग जेल रिमूव्हरने पत्र्यापर्यंत नेला. शिवणीत मात्र रिमूव्हर घातला नाही. फटीत अडकलेला रिमूव्हर नंतर नवा रंगच उचलतो, म्हणून तिथे हाताने घासून वर एपॉक्सी. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासू नका, पाणीपेपरच वापरा. आणि पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हा फुफ्फुसांना घातक पदार्थ असतो. त्याच्यापुढे धुळीचा कापडी मास्क म्हणजे निव्वळ समाधान.

नवा मरूनही तपासून घेतला. पत्र्याच्या तुकड्यावर मरून, त्यावर क्रीम. डाग नाही. तरी क्रम आधी क्रीम, मग मरून असाच ठेवणार. गडदवर फिकं झाकायला जास्त हात लागतात आणि रेघेपाशी तेवढी उंच पायरी तयार होते.

डावी बाजू झाली आहे आणि तिचं कौतुक करायचंच आहे. ३ मिमीचा थ्रीएमचा व्हिनाइल फाइनलाइन टेप त्या वळणावर कागदी टेपसारख्या चुण्या न पडता बसतो. महाग आहे, पण इथे काटकसर नको. फक्त ताणून बसवायचा नाही, ताणलेला टेप वळणावर हळूहळू मागे सरकतो. मरूनआधी टेपच्या कडेवर क्लिअरचा (पारदर्शक रंगाचा) एक हलका हात दिला. टेपखाली जे काही शिरायचं ते क्लिअर शिरतं आणि मरूनला वाट उरत नाही. मरून मऊ असतानाच टेप स्वतःवरच उलटा दुमडत सावकाश काढला. नख फिरवलं तर पायरी जाणवते, ती क्लिअरच्या हातांत बुडेल.

उजवी बाजू हवेमुळे अडली आहे. आषाढातलं ठाणं तुम्हाला सांगायला नको. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला दवबिंदू (ज्या तापमानाला पत्र्यावर दव धरू लागतं) साधारण २६ अंश येतो, आणि पत्रा त्याहून किमान ३ अंश गरम हवा. म्हणजे हाताशी जेमतेम १ अंश. हॅलोजनने टाकी कोमट करून घेतोय. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढतो, तरी वॉटर ट्रॅपमध्ये (हवेतलं पाणी अडवणारी कुपी) पाणी साठतंच. गनच्या अगदी जवळ दुसरा छोटा ट्रॅप लावल्यापासून बारीक फोड बंद झाले.

सोनेरी रेघ कोणाकडून तरी ब्रशने मारून घ्यायची असं ठरलं होतं. चेन्नईत बुलेटच्या टाक्यांवर हाताने रेघा ओढतात तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलाय, पण तसा हात इथे कुठून आणू? हे लिहिता लिहिता सुचलं: सोनेरी आधीच मारली तर? एपॉक्सीवर बेस, त्यावर सोनेरीचा पट्टा, क्लिअरने बंद. त्यावर ३ मिमी टेप. मग सगळीकडे क्रीम, क्रीम झाकून टेपच्या मध्यापर्यंत मास्किंग, दुसऱ्या बाजूला मरून, आणि शेवटी टेप ओढला की खाली आयती रेघ! टेप दोन रंग होईपर्यंत खाली राहील, त्यामुळे गोंद धरण्याची आणि दोन्हीकडे कडा उभ्या राहण्याची भीती आहे. टाकीवर हा जुगार नको, तिथे क्रीम आधीच बसलंय. टूलबॉक्सच्या झाकणांवर करून बघतो. जमलं तर टाकीचा ब्रश रद्द, डावी बाजू घासून परत याच पद्धतीने.

फवारणी आता उघडीप मिळाली की. आरसीवरचा रंग बदलून घ्यायचं काम गाडी पूर्ण झाल्यावर. रोडकिंगच्या डाव्या टूलबॉक्सचं झाकण, लॉकची जागा न फाटलेलं, कोणाकडे पडून असेल तर सांगा. रंग कुठलाही चालेल. मरून असेल तर थिनरचं फडकं घेऊनच येतो.