गुच्छाच्या मधोमध बसलेली दीर्घिका कशी फुगते

एका गुच्छात शेकडो दीर्घिका दाटीने राहतात म्हटल्यावर त्या सारख्या एकमेकींत मिसळत असतील, असं वाटतं. होतं उलटंच. मोठ्या गुच्छात दीर्घिका सेकंदाला १००० किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरतात, आणि मोठ्या दीर्घिकेच्या आतल्या ताऱ्यांचे वेग असतात २००-३०० च्या घरात. मग दोघी समोरासमोर आल्या तरी थोडे तारे ओरबाडले जातात आणि दोघी आपापल्या वाटेने निघून जातात. विलीन व्हायला सावकाश भेट लागते. ती लहान गटांत मिळते, म्हणून बरीच विलीनीकरणं गुच्छात शिरण्याआधीच उरकलेली असतात.

अपवाद केंद्रातल्या दीर्घिकेचा. जड दीर्घिका गुच्छातल्या कृष्णद्रव्यातून (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) जाताना तिच्या मागे द्रव्य दाटतं आणि तिलाच मागे खेचतं. खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये मांडलेलं गतिकीय घर्षण ते हेच. वेग गमावत ती केंद्राकडे घसरते आणि तिथल्या दीर्घिकेत मिसळते. जितकी जड, तितकी लवकर.

आता आकाराचं गणित. तुल्यबळ दोघी मिसळल्या तर वस्तुमान दुप्पट, त्रिज्याही दुप्पट. तेवढंच वस्तुमान चिल्लर दीर्घिका गिळून मिळवलं तर त्रिज्या चौपट होते, कारण ती वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. (वायू नाही आणि ऊर्जा बाहेर जात नाही, असं धरून.) सुमारे १००० कोटी वर्षांपूर्वीच्या जड पण चिमुकल्या दीर्घिका आज एवढ्या पसरट का, याचं मला पटणारं उत्तर हेच.

खरी डोकेदुखी मोजणीची. केंद्रातल्या या दीर्घिकेला कडा नसते. तिचा प्रकाश विरळ होत गुच्छात विखुरलेल्या ताऱ्यांच्या प्रकाशात मिसळतो. पार्श्वभूमीचं आकाश दीर्घिकेच्या फार जवळ मोजलं, तर तिचाच बाहेरचा प्रकाश आकाश समजून वजा होतो. स्लोन या मोठ्या आकाश-सर्वेक्षणाच्या सुरुवातीच्या आकड्यांत हे झालं होतं. वाढ नेमकी बाहेरच्या भागात होते, आणि कात्री तिथेच लागते.

म्हणून नुसत्या प्रकाशावर न थांबता वेगही पाहावेत. आबेल २१९९ गुच्छातल्या एनजीसी ६१६६ या केंद्रातल्या दीर्घिकेत ताऱ्यांच्या वेगांचं विखुरण (वेग सरासरीपासून किती इकडेतिकडे पसरलेत ते) तिच्या केंद्राजवळ सेकंदाला ३०० किलोमीटर, पण बाहेर जाता जाता ८०० च्या वर चढतं, म्हणजे जवळजवळ गुच्छाइतकं. दिसायला ते तारे दीर्घिकेचे, पण फिरतात गुच्छाच्या ओढीने.