मिंटवरची मराठी: ‘ऱ्य’ शोधात का येत नव्हता, त्याचा उलगडा

गेल्या नोंदीतला घोळ आठवत असेल: फाइल डोळ्यांसमोर आहे, पण लिनक्स मिंटच्या फाइल मॅनेजरच्या, म्हणजे नेमोच्या, शोधपट्टीत तिचं नाव टाइप केलं की निकाल शून्य. त्याचा माग अखेर लागला. दोष नेमोचा नाही, एनटीएफएसचा (विंडोजच्या फाइल-व्यवस्थेचा) नाही आणि फॉन्टचाही नाही. पाणी ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’मध्ये मुरत होतं.

आधी बाकीची परिस्थिती. मिंट २२.२ ‘झारा’, सिनॅमन डेस्कटॉप. उबुंटू २४.०४चा पाया असल्यामुळे २०२९पर्यंत अपडेटची चिंता नाही. विंडोज १० एसएसडीच्या एका तुकड्यात अजून आहे, पण १४ ऑक्टोबर २०२५ला त्याची मुदत संपल्यापासून त्याला इंटरनेट दिलेलं नाही. कागदपत्रं वेगळ्या एनटीएफएस पार्टिशनवर. ते मिंटमध्ये रीड-ओन्ली उघडत होतं, कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू होतं. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि अशा पार्टिशनवर लिनक्स काही लिहीत नाही. पॉवर ऑप्शन्समधून ते बंद केलं, विंडोज एकदा नीट शटडाउन केलं, प्रश्न मिटला. घड्याळाचा साडेपाच तासांचा फरकही गेला. मदरबोर्डवरची वेळ लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं आणि विंडोज स्थानिक धरतं, म्हणून मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ मागे. मिंटलाच स्थानिक वेळ धरायला लावली आहे.

कीबोर्डची मांडणी आता कायमची ठरली: पहिलं इंग्रजी, दुसरं ‘मराठी (एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट)’. इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड-मांडणी. हा क्रम उलटा ठेवू नका. मराठी पहिलं ठेवलं की लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड देवनागरीत उमटायला लागतो आणि काही प्रोग्रॅममध्ये कंट्रोल+सी, कंट्रोल+व्ही चालत नाही. अदलाबदलीसाठी कॅप्स लॉक. सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, लेआउट्स, ऑप्शन्स, आणि तिथे ‘स्विचिंग टू अनदर लेआउट’खाली कॅप्स लॉकवर खूण. त्याच यादीत कीबोर्डचा दिवा दुसऱ्या लेआउटसाठी वापरायचीही सोय आहे. तीही कॅप्स लॉकलाच दिली, म्हणजे दिवा लागला की मराठी आणि विझला की इंग्रजी. इतकी साधी सोय, पण दिवसभर टाइप करणाऱ्याला पॅनलवरच्या झेंड्याकडे बघावं लागत नाही, आणि हे मिळालं तेव्हा खरंच आनंद झाला.

आता मुख्य दुखणं. लक्षण असं होतं: ‘शेतकरी’ शोधलं की जुन्या-नव्या सगळ्या फायली येतात. ‘शेतकऱ्यांची’ शोधलं की फक्त मिंटवर तयार केलेल्या येतात, विंडोजच्या काळातली एकही नाही. ‘कऱ्हाड’, ‘वऱ्हाड’, ‘बऱ्याच’, सगळ्यांची तीच गत. फॉन्ट बदलून पाहिले, फरक नाही. सिस्टिमची भाषा मराठी केली, फरक नाही. फायली एक्स्ट४वर (लिनक्सच्या स्वतःच्या फाइल-व्यवस्थेवर) कॉपी केल्या, तरी तेच. म्हणजे अक्षरंच वेगळी असणार, हे उघड झालं. नेमकी कशी वेगळी, एवढंच शोधायचं होतं.

त्यासाठी सर्वांत चांगलं साधन निघालं बॅकस्पेस. मिंटच्या टेक्स्ट एडिटरमध्ये, म्हणजे झेडमध्ये, देवनागरीवर बॅकस्पेस मारलं की पूर्ण जोडाक्षर जात नाही, एकेक युनिकोड वर्ण मागून गळत जातो. जुन्या फाइलच्या नावातला ‘दऱ्या’ कॉपी करून पेस्ट केला. पहिल्या दोन बॅकस्पेसला काना आणि य गेला, ‘द’पुढे आडवा अर्धा र उरला. तिसऱ्याला त्या आडव्या र-चा साधा ‘र्’ झाला. म्हणजे एक न दिसणारा वर्ण गळून गेला. चौथ्याला हलन्त गेला आणि नुसता ‘र’ राहिला. मग मिंटवर टाइप केलेला ‘दऱ्या’ घेतला. काना आणि य गेल्यावर तिसऱ्या बॅकस्पेसला थेट हलन्त गेला आणि उरला ‘ऱ’, खाली टिंब असलेला. अदृश्य वर्ण नाहीच. पडद्यावर तंतोतंत सारखे दिसणारे दोन शब्द आतून वेगळ्या विटांचे.

जुनी पद्धत: र (यू+०९३०), हलन्त (यू+०९४डी), झीरो विड्थ जॉइनर (यू+२००डी), म्हणजे तोच न दिसणारा वर्ण. नवी पद्धत: ऱ (यू+०९३१), हलन्त. युनिकोडच्या नियमांत दोन्हींना जागा आहे. आडव्या र-साठी मुख्य रूप यू+०९३१चं. जॉइनरचं रूप युनिकोड २.०शी सुसंगती राहावी म्हणून मान्य केलेलं. फॉन्ट दोन्हींचं चित्र एकच काढतो, पण शोध चित्र बघत नाही, वर्ण बघतो. जुन्या फायली ज्या फोनेटिक टायपिंगच्या साधनाने लिहिल्या होत्या ते जॉइनर घालत होतं. इनस्क्रिप्टमध्ये ऱ-ची स्वतंत्र कळ आहे, म्हणून इथे नवं रूप उमटतं. ‘दऱ्या’साठी कळा अशा: ओ, शिफ्ट+जे, डी, तिरपी रेघ, ई. शिफ्ट सोडलं तर ‘दर्या’. दरी आणि समुद्र यांच्यात एका शिफ्टचं अंतर आहे.

इथे नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या वर्णांनी लिहिलेलं तेच अक्षर एका रूपात आणणं, कामाला येईल असं अनेकांना वाटेल. येत नाही. नॉर्मलायझेशन ‘ऱ’ला ‘र अधिक नुक्ता’ यांच्याशी सममूल्य मानतं, म्हणून कोणी नुक्त्याची कळ वापरून ऱ टाइप केला असेल तर तो जुळवता येतो. जॉइनरचं रूप मात्र या सममूल्यतेत बसतच नाही. आणि एक्स्ट४ फायलींच्या नावांचं नॉर्मलायझेशन करतच नाही, बाइट वेगळे तर नाव वेगळं. त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये दिसायला एकाच नावाच्या दोन फायली सुखाने नांदू शकतात. बॅकअप एकत्र करताना हे लक्षात ठेवा.

‘ॲ’चीही अशीच तिरंगी लढत आहे. यू+०९७२ हा ॲ युनिकोड ५.१मध्ये, २००८ साली आला. त्याआधीच्या लिखाणात अ-पुढे अर्धचंद्र जोडलेला सापडतो, किंवा हिंदी वळणाचा ‘ऍ’. ‘ऍ’ निदान डोळ्यांना वेगळा दिसतो, पहिल्या प्रकारातला फरक दिसतही नाही. ‘ॲडमिशन’, ‘ॲग्रीमेंट’ अशा फायली शोधून येत नसतील तर तिथेही बॅकस्पेस मारून बघा: एका फटक्यात सगळं गेलं तर खरा ॲ, मागे अ उरला तर जोडलेला.

दुरुस्ती. सगळे जॉइनर सरसकट उडवून देणारी ऑनलाइन साधनं आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. जॉइनर नुसता काढला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ आणि ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं, आणि मग कुठला शब्द मुळात कोणता होता हे यंत्राला कधीच कळणार नाही. शिवाय ‘क्ष’ न होऊ देता क आणि ष सुटे दाखवायलाही जॉइनर लागतो, आणि कित्येक इमोजीही त्याच्याच जोरावर उभ्या असतात. काढायचा तो फक्त ‘र, हलन्त, जॉइनर’ या तिघांच्या साखळीतला, आणि जागी ‘ऱ, हलन्त’ घालूनच.

सुरुवात करण्याआधी कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर. टाइमशिफ्ट चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते सिस्टिम परत आणतं, होम फोल्डर मुळात त्यात धरलेलं नसतं.

साध्या टेक्स्ट फायलींसाठी झेडमध्ये कंट्रोल+एच. शोधायच्या रकान्यात र आणि हलन्त मराठीत टाइप करा. मग लेआउट इंग्रजी करा, कंट्रोल+शिफ्ट+यू दाबा, २००डी टाइप करा, एंटर. लेआउट इंग्रजी करायचं विसरू नका. मराठी लेआउटमध्ये त्या कळा देवनागरी वर्ण पाठवतात आणि कोड स्वीकारलाच जात नाही. बदलीच्या रकान्यात मराठीत शिफ्ट+जे, डी. ‘मॅच केस’वर खूण करून मग सगळीकडे बदला. हा जॉइनरवाला तुकडा एका छोट्या फाइलमध्ये जपून ठेवला तर पुढे फक्त कॉपी करायचा.

फायलींच्या नावांसाठी मिंटमध्ये आधीपासून असलेलं बल्की, एकदम अनेक नावं बदलणारं साधन. नेमोत हव्या त्या फायली निवडा आणि एफ२ दाबा, बल्की आपोआप उघडतं. रिप्लेस, तेच दोन तुकडे, आणि नवं नाव शेजारच्या स्तंभात आधीच दिसतं. इतकं नेटकं साधन विंडोजवर शोधून वेगळं घालावं लागतं, इथे ते पेटीतच आहे. मर्यादा एकच: आतल्या फोल्डरांत ते स्वतःहून उतरत नाही, फोल्डरामागून फोल्डर करावं लागतं. आणि लिब्रऑफिसच्या फायलींत चित्रं लिंक करून घातली असतील, किंवा गाण्यांच्या प्लेलिस्ट असतील, तर त्यांतल्या वाटा नाव बदललं की तुटतात. असे फोल्डर सध्या हात न लावता ठेवले आहेत.

त्यांच्यासाठी नाव न बदलता काम भागवायची युक्ती: नेमोच्या शोधपट्टीत रेग्युलर एक्स्प्रेशनची खूण चालू करायची आणि ‘द.+या’ असं शोधायचं. मध्ये कुठलंही रूप असो, सापडतं. निकाल थोडे जास्त येतात, पण घरच्या संग्रहात ते चालण्यासारखं आहे.

लिब्रऑफिसच्या ओडीटी फायली हा खरा डोंगर. ओडीटी म्हणजे झिप, त्यामुळे बाहेरून मजकूर बदलता येत नाही. आधीचा बेत झिप उघडून, आतली एक्सएमएल बदलून पुन्हा बांधायचा होता. त्यात अडचण अशी की ओडीएफच्या झिपमध्ये ‘माइमटाइप’ नावाची फाइल पहिली आणि न दाबलेलीच असावी लागते, साध्या आर्काइव्ह मॅनेजरने बांधलं की ती शिस्त राहत नाही. हे लिहिता लिहिताच दुसरी वाट सुचली: फ्लॅट ओडीएफ. लिब्रऑफिस तोच दस्तऐवज एकाच सलग एक्सएमएल फाइलमध्ये जतन करू शकतं, आणि टर्मिनलवरून एका दमात पूर्ण फोल्डरचं तसं रूपांतर करता येतं. म्हणजे ओडीटीपासून फ्लॅट, त्यावर पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेतली एक ओळ, मग परत ओडीटी. झिप सोडायची-बांधायची भानगडच नाही. झिपचा बेत इथेच रद्द, आता हाच पक्का. वर्डच्या डॉक्सेक्स फायलींना मात्र हे लावणार नाही. तिथे एकच शब्द फॉरमॅटिंगच्या तुकड्यांत विभागलेला असू शकतो, र एका तुकड्यात आणि हलन्त दुसऱ्यात, आणि बदल गुपचूप निसटतो. त्या फायली लिब्रऑफिसमध्ये उघडून शोधा-बदला करणंच सुरक्षित.

जाता जाता ल आणि श. बरेच दिवस छापलेल्या पानावर हे दोन्ही हिंदी वळणाचे येत होते. नोटो सान्स देवनागरीत मराठी वळण आहे, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच ते वापरलं जातं. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकेल्स, जनरल, आणि ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’पुढे हिंदी असेल तर मराठी करा. हे नव्या कागदांसाठी. जुन्या फाइलमध्ये सगळं निवडून फॉरमॅट, कॅरॅक्टर, तिथल्या कॉम्प्लेक्स भागात भाषा मराठी. पाकळीचा ल आणि देठाचा श पानभर उमटला की डोळे निवतात. भाषेच्या भानगडीत पडायचंच नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून लोहित मराठी घ्या, त्यात मराठी वळण मुळातच आहे.

डीव्हीबी-टीटी सुरेख आणि श्री-लिपी या जुन्या फॉन्टांतल्या युनिकोडपूर्व फायली या आठवड्यात घ्यायचं ठरलं होतं, ते पुढे ढकललं. त्यांचं रूपांतर करणारं साधन आडव्या र-चं कोणतं रूप काढतं हे आधी तपासायला हवं, नाहीतर आज साफ केलेल्या फोल्डरमध्ये पुन्हा जॉइनर येऊन बसतील. चाचणीसाठी ‘कऱ्हाड, तऱ्हा, दऱ्या, दर्या, आचाऱ्यांना, आचार्यांना, ॲप’ एवढे शब्द असलेली एका ओळीची फाइल सुरेखमध्ये केली आहे. कोणाकडे चांगला कन्व्हर्टर असेल तर हीच ओळ त्यातून काढा, झेडमध्ये पेस्ट करून बॅकस्पेस मारा आणि काय गळतं ते कळवा.