प्रतिपिंड निवडताना

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ या बर्ड फ्लूच्या (इन्फ्लुएन्झाच्या एका उपप्रकाराच्या) विषाणूमुळे दगावले, तेव्हापासून नागपुरातले परिचित माझ्या कामाविषयी, म्हणजे विषाणू ओळखण्यासाठी त्याच्या प्रथिनांना नेमकी चिकटणारी प्रतिपिंडे (अँटीबॉडी) निवडण्याविषयी, आवर्जून विचारतात. इन्फ्लुएन्झाच्या पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचा शेंडा सतत बदलतो, देठ मात्र बराचसा तसाच राहतो. म्हणून एकच उपप्रकार ओळखायचा असल्यास शेंड्याला, आणि अनेक उपप्रकार पकडायचे असल्यास देठाला चिकटणारे प्रतिपिंड निवडावे लागते. खरी मेख पुढेच आहे: वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिने आकारमानानुसार वेगळी करून पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) प्रथिनाची घडी उलगडलेली असल्याने, केवळ घडीचा आकार ओळखणारे प्रतिपिंड एलायझात (प्रथिनाची घडी सहसा शाबूत राहणाऱ्या चाचणीत) उत्तम चालूनही तिथे पट्टी दाखवत नाही (किंमत मात्र तेवढीच मोजावी लागते). नागपूरच्या मे महिन्यात प्रतिपिंडांचे पार्सल उघडताच आधी बर्फाच्या पिशव्या चाचपाव्यात. वारंवार गोठणे-वितळणे प्रतिपिंडांना सोसत नाही.