तुम्ही विचारलंत म्हणून: दोन स्क्रीन कशाला?

शेडमध्ये मी बांधलेलं विमान बघायला आलेला माणूस पंखाखालून वाकून फिरतो, कॉकपिटमध्ये डोकावतो आणि हमखास विचारतो, "दोन-दोन स्क्रीन कशाला?" घरी विमान बांधता येतं का, हे आता कुणी विचारत नाही. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांनी तो प्रश्न निकालात काढला. स्क्रीनचा प्रश्न मात्र देवगडात अजून रोजचा आहे. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

डावी स्क्रीन उड्डाणाची: वेग, उंची, दिशा आणि विमान किती कललंय ते. उजवी इंजिनाची: ऑइलचा दाब, तापमान, पेट्रोल. एक गेली तर सगळं दुसरीवर घेता येतं. ते 'किती कललंय' फार महत्त्वाचं. मे महिन्यात भर दुपारी विजयदुर्गाच्या तटावरून समुद्राकडे बघा. पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे सुरू झालं, ते सांगता येत नाही. हवेत क्षितिज हरवलं की शरीर फसवतं, वळणारं विमानही सरळ चाललंय असं वाटतं. म्हणून कल मोजणारे सेन्सरसुद्धा दोन घेतले, प्रत्येक स्क्रीनला आपापला.

एवढ्यावर मी निश्चिंत होतो. मग गेल्या पावसाळ्यात एकेक जोड सोडून बघायला बसलो. डाव्या स्क्रीनचा फ्यूज काढला, उजवी चालू राहिली. उजवीचा काढला, डावी चालू. पॅनलमागचा अर्थिंगचा बोल्ट सैल केला आणि दोन्ही एकदम काळ्या पडल्या. हाताला सोयीचा म्हणून दोघींची अर्थिंगची वायर मीच त्या एका बोल्टवर आवळली होती. खालचं टर्मिनल हिरवं पडलेलं. खाऱ्या हवेत आमच्या खिडकीच्या गजांची जी गत होते, तीच तांब्याचीही. आता दोघींच्या अर्थिंगच्या वायरी वेगवेगळ्या आहेत, आणि प्रत्येक स्क्रीनमागे तिची स्वतःची छोटी बॅटरी आहे.

त्याहून मोठा धडा ऑक्टोबरात मिळाला. वेग मोजायला पंखाखाली पुढे तोंड केलेली एक नळी असते, तिला पिटो म्हणतात. समोरून येणाऱ्या हवेचा दाब तिच्यातून आत पोचतो. माझ्याकडे ती एकच होती, पुढे फाटा काढून दोन्ही स्क्रीनना दिलेली. टॉर्च मारला तर तोंड तांबड्या मातीनं लिंपलेलं. तारेनं हलकेच टोकरलं, तर आतून बारक्या हिरव्या अळ्या निघाल्या. कुंभारमाशीनं पिल्लांची शिदोरी भरून दार बंद केलं होतं. तसाच उडालो असतो तर दोन्ही स्क्रीननी एकच चुकीचा आकडा दाखवला असता, आणि दोन्हींवर सारखाच आहे म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला असता.

फेब्रुवारी 1996 मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधून निघालेलं एक बोइंग 757 समुद्रात कोसळलं, 189 माणसं गेली. एक पिटो नळी बंद झाली होती, बहुधा अशाच माशीच्या मातीनं. 2009 मध्ये अटलांटिकवर पडलेल्या एअर फ्रान्सच्या विमानाला तर तीन पिटो नळ्या होत्या. पण तिन्ही एकाच जातीच्या, आणि त्या बर्फानं एकदमच चोंदल्या. त्या रात्री हे वाचून मला झोप लागली नाही. दुसऱ्या पंखाखाली दुसरी नळी बसवली, आणि ती स्क्रीनला न जोडता साध्या काट्याच्या वेगमापकाला दिली. तुम्हाला पॅनलवर जे जुनं गोल घड्याळ विजोड वाटतं, ते हेच.

इंजिनाचं काम सोपं झालं. कार्बोरेटरवालं रोटॅक्स 912 आहे, त्याची ठिणगी त्याच्याच कॉइलवर चालते. बॅटरी मेली तरी ते बंद पडत नाही. पण ऑइलच्या दाबाचा सेन्सर एकच, आकडा मात्र दोन्ही स्क्रीनवर. म्हणून ऑइलच्या लाइनवर वेगळा प्रेशर स्विच आणि त्याचा लाल दिवा, स्क्रीनशी काही संबंध न ठेवता. माथ्यावर होकायंत्र आहेच.

शेड बंद करताना आता दोन्ही नळ्यांवर टोपी चढवतो. आईनं जुन्या नऊवारीच्या लाल काठाच्या हातभर पट्ट्या त्यांना शिवून दिल्यात, म्हणजे काढायची राहिली तर दारातूनच दिसेल.