दिनविशेष यादी: 19 फेब्रुवारीचा वार जुळला

शिवजन्माच्या 19 फेब्रुवारी 1630 ला शुक्रवारऐवजी मंगळवार का येतो, हे भिजत घोंगडं एकदाचं वाळलं. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडची जुनी तारीखवार नोंद) शके 1551, फाल्गुन वद्य 3, शुक्रवार असं स्वच्छ लिहिलंय आणि लिब्रेऑफिसची शीट 19 फेब्रुवारी 1630 ला मंगळवारच दाखवते. दोघंही बरोबर! 1582 नंतरची कुठलीही तारीख शीट ग्रेगोरियन, म्हणजे आजच्या कॅलेंडरची धरते. आपली 19 फेब्रुवारी ज्युलियन, म्हणजे त्याआधीच्या जुन्या कॅलेंडरची. 17व्या शतकात फरक 10 दिवसांचा, म्हणून शीटमध्ये 1 मार्च 1630 टाकायचं. शुक्रवार येतो. पडताळा हवा तर त्या दिवसाची ज्युलियन दिनसंख्या (दिवसांची सलग मोजणी) 2316465 हिला 7 ने भागा: बाकी 4, सोमवार शून्य धरला की शुक्रवारच. एक्सेलच्या नादी लागू नका, 1900 च्या आधीची तारीख त्याला नुसता मजकूर वाटते.

वाराचा रकाना आता सक्तीचा. तिथी एखाद्या दिवसाने इकडेतिकडे होते, वार लगेच चुगली करतो.

शकाचा घोळही इथेच निस्तरला. इसवी सन काढायला शकात चैत्रापासून डिसेंबरअखेर 78 मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेर 79. फाल्गुन वद्याला 78 लावले की अख्खं वर्ष मागे. ऑनलाइन पंचांगात ‘अमान्त’ (महिना अमावास्येला संपणारं) निवडलंय ना, तेही बघा. पौर्णिमान्त (महिना पौर्णिमेला संपणारं) राहिलं तर फाल्गुन वद्य 3 महिनाभर आधी पडते. वैशाख शुद्ध 2, शके 1549, म्हणजे 6 एप्रिल 1627 हा जन्मतारखेचा जुना पक्ष तळटिपेत ठेवलाय.

बाकीचा दिवस झटपट भरला: 1915, गोपाळ कृष्ण गोखल्यांचं निधन, पुणे, 1925, शिल्पकार राम सुतारांचा जन्म, गोंदूर, धुळे. इथे कालगणनेची कटकट नाही.

इंग्रजांच्या पत्रांना मात्र वेगळा रकाना लागणार. 1752 पर्यंत त्यांची तारीख ज्युलियन, शिवाय वर्ष 25 मार्चला बदलायचं; सुरतेच्या वखारीतल्या फेब्रुवारी 1630 च्या कागदावर 1629 दिसेल. गोव्याचे पोर्तुगीज तेव्हा ग्रेगोरियनवर. म्हणजे तारखेआधी ‘कागद कुणाचा’ हे भरायचं.

पुढे 1 मे घ्यायचं ठरलं होतं, पण ते थांबू दे. आधी 6 जून 1674. राज्याभिषेक पहाटे, सूर्योदयापूर्वी. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. त्यामुळे शकावलीत शुक्रवार आणि गणितात शनिवार. ‘सूर्योदयापूर्वी: हो/नाही’ हा रकाना लावल्याशिवाय ती नोंद हिरवी, म्हणजे पक्की, होणार नाही.