ऑस्ट्रेलियाला जाण्यापूर्वी: मुलुंडच्या एका कुटुंबाच्या तयारीचा वृत्तांत

शालेय नकाशासंग्रहात महाराष्ट्राला एक पान असते आणि ऑस्ट्रेलियालाही एकच पान असते. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाला जायचे ठरले, तेव्हा आमचा पहिला आराखडा नेमका या पानाच्या भरवशावर तयार झाला होता. सिडनी, मेलबर्न, केर्न्स, उलुरू (मध्यवर्ती वाळवंटातला प्रचंड खडक), ॲडिलेड आणि पर्थ अशी सहा ठिकाणे आम्ही चौदा दिवसांत बसवली होती, आणि दादरच्या एका प्रवासी कंपनीने तर त्यात ब्रिस्बेनची भर घालून 'सगळे आरामात होते' असे छातीठोकपणे सांगितले होते. मुलीने एका संध्याकाळी अंतरे काढून समोर ठेवली आणि आमचे डोळे उघडले. ऑस्ट्रेलियाचे क्षेत्रफळ सुमारे ७६.९ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहून अधिक आहे. मुंबईहून कोलकात्याला विमानाने साधारण १६५० किलोमीटर पडतात. सिडनी ते पर्थ हे अंतर त्याच्या दुप्पट आहे आणि देशांतर्गत असूनही त्या विमानप्रवासाला पाच तास लागतात.

त्यानंतर आम्ही जो हिशेब मांडला तो या देशाला निघालेल्या प्रत्येकाने मांडावा असे मला वाटते. विमान दीड तासाचे असो की चार तासांचे, हॉटेल सोडणे, विमानतळ गाठणे, सामान सोपवणे आणि नव्या गावात पुन्हा खोली ताब्यात घेणे यांत दिवस गेलाच म्हणून समजावे. सहा ठिकाणे म्हणजे पाच दिवस केवळ बॅगा ओढण्यात जाणार होते, तेही शहात्तर वर्षांच्या माझ्या आईला बरोबर घेऊन. शेवटी आम्ही सिडनी, उलुरू आणि मेलबर्न एवढेच ठेवले. केर्न्स आणि तिथला प्रवाळद्वीपांचा समुद्र वगळल्याबद्दल मुलगी दोन दिवस बोलली नाही. मात्र क्वीन्सलँडच्या उत्तर किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मे या काळात विषारी जेलीफिशचा धोका असतो आणि अंगभर पोशाख घालूनच पाण्यात उतरावे लागते, हे कळल्यावर तिचा राग थोडा निवळला.

ऋतू उलटे असतात हे सर्वांना ठाऊक असते, पण त्याचा अर्थ कपाटापुढे उभे राहिल्याशिवाय उमगत नाही. आपल्याकडे मे महिन्यात घामाच्या धारा लागलेल्या असताना आम्ही पेटीच्या तळाशी गेलेले स्वेटर काढून गॅलरीत उन्हाला घालत होतो. मे म्हणजे तिकडचा शरद ऋतूचा शेवट. सिडनीत हवा सुखद असते, मेलबर्नमध्ये गार वारा आणि भुरभुर पाऊस असतो, आणि मध्यवर्ती वाळवंटात दिवस उबदार पण रात्री चांगल्याच थंड असतात. कपड्यांपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे दिवस लहान असतो. मेलबर्नला मेच्या मध्यास सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो. ही नोंद माझ्या वहीत होती, पण वहीतली नोंद वेळेवर आठवेलच असे नाही. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

व्हिसाबद्दल थोडक्यात सांगतो. भारतीय पारपत्रधारकांना झटपट मिळणारी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी लागू नाही. उपवर्ग ६०० हा पर्यटक व्हिसा घ्यावा लागतो. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि कुटुंबातील प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्र असतो. बँकेची सहा महिन्यांची विवरणे, आयकर विवरणपत्रे, कार्यालयाचे रजा मंजुरीचे पत्र आणि प्रवासाचा आराखडा या कागदांवर भर द्यावा. आम्ही आणखी एक गोष्ट केली. खात्यात एकाच वेळी आलेल्या एका मोठ्या रकमेचा खुलासा, म्हणजे मुदत ठेव मोडल्याची पावती, सोबत जोडली. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना वैद्यकीय तपासणी करावी लागते आणि ती त्यांच्या नेमलेल्या दवाखान्यातच करावी लागते. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र चालत नाही. घरात ज्येष्ठ व्यक्ती असेल तर वेळापत्रकात हे आठवडे आधीच धरून ठेवावेत. व्हिसा पारपत्रावर चिकटवला जात नाही, तो पारपत्राच्या क्रमांकाशी जोडलेला असतो, म्हणून मधल्या काळात पारपत्र नवे काढले तर तो बदल कळवावाच लागतो. व्हिसा हाती येईपर्यंत परतावा न मिळणारी तिकिटे काढू नयेत, मग ती कितीही स्वस्त दिसोत.

आता खाण्याच्या पदार्थांकडे वळतो, कारण मराठी घरातून निघताना सर्वाधिक वाद याच विषयावर होतो. ऑस्ट्रेलिया हे बेट असल्यामुळे तिथली शेती आणि जनावरे बाहेरच्या अनेक रोगांपासून आजवर वाचलेली आहेत, आणि ती तशीच राहावीत म्हणून विमानतळावर अतिशय कडक तपासणी होते. ताजी फळे, म्हणजे मेमध्ये निघणाऱ्या प्रत्येकाच्या मनात येणारी हापूसची पेटीसुद्धा, सामानातून नेता येत नाहीत. आपल्याकडे जनावरांना लाळ्या-खुरकूत होत असल्याने पेढे, बर्फी यांसारखी दुधाची मिठाईही बाद होते. विमानात एक कार्ड भरायला देतात. त्यात खाद्यपदार्थ आहेत का, या प्रश्नावर 'होय' अशी खूण करावी. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर जागेवर दंड होतो आणि प्रकरण गंभीर असेल तर व्हिसाही रद्द होऊ शकतो.

आम्ही मेतकूट, गोडा मसाला, दुकानातून घेतलेले सीलबंद लोणचे, थालीपिठाची भाजणी आणि भाजलेले पोहे एवढेच घेतले, ते सर्व एका पारदर्शक पिशवीत ठेवले आणि प्रत्येक पुडीवर इंग्रजीत घटक लिहिले. सिडनीला आमची रांग वेगळी काढण्यात आली. अधिकारी बाई शांतपणे एकेक पुडी उलटसुलट करून पाहत होत्या. भाजणीचा त्यांनी दोनदा वास घेतला आणि हे काय आहे असे विचारले, तेव्हा मुलीने भाजून दळलेली धान्ये आणि डाळी असे सांगितल्यावर त्यांनी ती बाजूला ठेवली. मग पिशवीच्या तळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सुरळी निघाली आणि आम्ही तिघे आईकडे पाहू लागलो. आत कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या होत्या.

"अरे, फोडणीला लागेल म्हणून ठेवला. पाला तर आहे," आई म्हणाली.

तो नुसता पाला नव्हता, हे मला तिथे कळले. कढीपत्ता हा लिंबू आणि संत्र्याच्या कुळातला आहे, आणि त्यावर बसणाऱ्या एका बारीक किडीतून लिंबूवर्गीय झाडांचा असाध्य रोग पसरतो. त्या बाईंनी हे सर्व दोन वाक्यांत समजावले, डहाळ्या पिवळ्या डब्यात टाकल्या आणि बाकीची पिशवी आमच्या हाती दिली. कार्डावर खूण केलेली असल्यामुळे दंड झाला नाही. निघण्याच्या आदल्या रात्री घरातील वडीलधाऱ्यांची पिशवी आपल्या हाताने तपासावी, एवढाच माझा सल्ला आहे. माती लागलेले बूटही याच नियमात येतात. मी राजमाचीला वापरलेले बूट न्हाणीघरात जुन्या दातघाशीने तळव्यांच्या खाचांपर्यंत घासून नेले होते आणि तेही कार्डावर नमूद केले होते.

आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या मूळ वेष्टनात घेतल्या आणि औषधांची मूळ रासायनिक नावे असलेले डॉक्टरांचे इंग्रजी पत्र सोबत ठेवले. तीन महिन्यांपेक्षा अधिक साठा नेऊ नये. प्रवास विमा घेताना आधीपासूनचा आजार लपवू नये. हप्ता वाढतो, पण तिथल्या रुग्णालयाच्या खर्चापुढे तो काहीच नाही.

पैशांचे फारसे अवघड नाही. आमच्या वेळी एक ऑस्ट्रेलियन डॉलर साधारण ५५ रुपयांना पडत होता. कार्ड जवळजवळ सर्वत्र चालते, मात्र आपल्या कार्डावरील परदेशी व्यवहाराची सोय बहुधा बंद असते. ती निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमधून सुरू करावी. अनेक उपाहारगृहे कार्डावर थोडा अधिभार लावतात, म्हणून थोडी रोकड जवळ असावी. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, तेव्हा घरूनच रिकाम्या बाटल्या न्याव्यात. विजेचा दाब आपल्यासारखाच आहे, पण सॉकेटला तिरक्या चपट्या पट्ट्यांची पिन लागते. सिडनीत लोकल, बस आणि फेरी यांना बँकेचे कार्डच टेकवून प्रवास करता येतो. आमच्यासारख्या लोकलच्या माणसाला ही व्यवस्था एका फेरीत अंगवळणी पडते. निळ्या डोंगरांतील (ब्लू माउंटन्स) कटुंब्याला आम्ही लोकलनेच गेलो. साधारण दोन तास लागतात आणि खिडकीची जागा मिळते, याचेच आईला अप्रूप.

सिडनीहून उलुरूला विमानाने साडेतीन तास लागतात. ॲलिस स्प्रिंग्सला उतरून गाडीने जाऊ, असा विचार पुष्कळांच्या मनात येतो, पण ते अंतर रस्त्याने साडेचारशे किलोमीटरहून अधिक आहे. थेट उलुरूजवळच्या एअर्स रॉक विमानतळावर उतरावे आणि तिथल्याच युलारा गावात राहावे, हे उत्तम. घड्याळ अर्ध्या तासाने मागे लावण्यास विसरू नये: सिडनी आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे असते आणि उलुरू चारच तास. ३४८ मीटर उंचीच्या त्या खडकावर चढण्यास २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंदी आहे. १९८५ मध्ये ही जमीन अनंगू या मूळ रहिवाशांना परत करण्यात आली असून त्यांच्यासाठी ते पवित्र स्थान आहे. खडकाभोवतीच्या सुमारे दहा किलोमीटरच्या पायवाटेवर काही ठिकाणी छायाचित्र घेऊ नये अशा पाट्या आहेत. आईने ती पाटी वाचताच चपला काढल्या, आणि पहाटेच्या थंडीत तिला पुन्हा चपला घालायला लावण्यात आमची पाच मिनिटे गेली. उद्यानाचे प्रवेशपत्र तीन दिवसांचे असते, म्हणून तिथे किमान दोन रात्री ठेवाव्यात. खाणेपिणे महाग आहे; आमची भाजणी इथेच सार्थकी लागली.

मेलबर्नमध्ये गाडी भाड्याने घेतली आणि पहिली अडचण काउंटरवरच आली. चालक म्हणून माझे नाव होते आणि अनामतीसाठी पुढे केलेले क्रेडिट कार्ड पत्नीच्या नावाचे होते. ते त्यांना चालेना, आणि परदेशी चलनाचे भरणा केलेले कार्डही चालेना. माझे स्वतःचे क्रेडिट कार्ड मुलुंडच्या घरी कपाटात होते. अखेर पत्नीला मुख्य चालक करण्यात आले. नशिबाने आम्ही दोघांनीही आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना काढून ठेवला होता. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते. मात्र मेलबर्नच्या मध्यभागी ट्रामच्या रस्त्यावर काही चौकांत उजवीकडे वळण्यासाठी डाव्या कडेला थांबावे लागते, तेव्हा शहरात गाडी घेण्यापूर्वी हा नियम नीट पाहून घ्यावा. शहरापुरती गाडी नकोच. मध्यभागात ट्राम फुकट आहे.

ग्रेट ओशन रोड हा २४३ किलोमीटरचा किनारी रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात बांधला. समुद्रातील चुनखडीचे उंच खांब, म्हणजे ट्वेल्व्ह अपॉसल्स, हे त्याचे मुख्य आकर्षण आहे. नावात बारा असले तरी तिथे बारा खांब नाहीत, आणि २००५ मध्ये एक कोसळलाही. आम्ही एका दिवसात जाऊन येण्याचे ठरवले. लॉर्नला जेवण रेंगाळले, केनेट रिव्हरला निलगिरीच्या फांदीवर झोपलेला कोआला पाहण्यात पाऊण तास गेला, आणि खांबांपाशी पोहोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. समोर काळा समुद्र आणि लाटांचा आवाज, बाकी काही नाही. त्या काळोखात मेलबर्नला परतण्याचे तीन तास शिल्लक होते आणि संधिकाळी कांगारू अचानक रस्त्यावर येतात. दुर्गम भागांत तर सूर्यास्तानंतर गाडी चालवण्यास भाड्याच्या करारातच बहुधा मनाई असते. आम्ही पोर्ट कॅम्पबेलला एक खोली घेतली, मेलबर्नच्या हॉटेलचे त्या रात्रीचे पैसे वाया गेले, आणि सकाळी कोवळ्या उन्हात ते खांब पाहिले. पुढच्यांनी अपोलो बे किंवा पोर्ट कॅम्पबेल येथे एक मुक्काम आधीच धरावा.

परतताना उपयोगी पडणारी एक गोष्ट: एकाच विक्रेत्याकडे साठ दिवसांच्या आत ३०० डॉलर किंवा त्याहून अधिक खरेदी झाली असेल, तर त्यावरचा कर विमानतळावर परत मिळतो. त्यासाठी बिले आणि वस्तू दोन्ही दाखवाव्या लागतात, म्हणून त्या तळाशी भरू नयेत.

माझी वही सध्या डोंबिवलीच्या वहिनींकडे आहे. त्या डिसेंबरमध्ये निघणार असल्यामुळे त्यातले अर्धे आकडे खोडावे लागले. तेव्हा तिकडे ऐन उन्हाळा असतो, मेलबर्नला रात्री साडेआठपर्यंत उजेड राहतो, सिडनीतली घड्याळे एक तास पुढे असतात आणि क्वीन्सलँडमधली नसतात, आणि उलुरूच्या परिसरात पारा चाळिशीच्या पुढे जाऊ शकतो. उलुरू वगळून टास्मानिया घ्या, असे मी त्यांना सुचवले आहे. त्यांच्या यादीत अजून सहा ठिकाणे आहेत. येत्या रविवारी मुलगी त्यांच्याकडे अंतरांचा कागद घेऊन जाणार आहे.