दोन बोटं

रिक्षावाल्या दादांचं तोंड आज आमच्या डेंटल कॉलेजच्या ओपीडीत दोन बोटं मावतील एवढंच उघडलं. वय जेमतेम ३०, रोजची सुपारी. सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे सुपारीमुळे तोंडाचं आतलं अस्तर कडक होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं.

“मॅडम, पहिल्यासारखं उघडेल ना?” मला हो म्हणता आलं नाही.

डबा खाताना मी याच आजारावर पीएचडी करण्याचा विषय काढला. सहकारी म्हणाली, “अगं, बीडीएसची ५ वर्षं, एमडीएसची ३. प्रोफेसर व्हायला तेवढ्या डिग्र्या पुरतात. आता संध्याकाळचं क्लिनिक सोडून अजून किमान ३ वर्षं कशाला?”

तिचं चूक नाही. घराचा हप्ता क्लिनिकवरच निघतो, माझाही.

पण नेरूळहून ठाणे लोकलमध्ये बसले तरी ती दोन बोटं डोळ्यांसमोरून हलेनात.

क्लिनिक सांभाळून कुणी पीएचडी केलीय का? वेळ कसा काढलात?